मागच्या रांगेतली कर्दळ

वर्गाचा फोटो काढायचा असला की उंच मुली मागे बाकावर उभ्या राहतात, मधल्या उंचीच्या त्यांच्या पुढे आणि लहानग्या सतरंजीवर मांडी घालून बसतात. फुलांचा वाफाही असाच लावायचा असतो. पण आपल्या अंगणांत बहुधा उलटे दिसते. पुढे फोफावलेली जास्वंद, तिच्या सावलीत ऊन न मिळालेला चिनी गुलाब आणि सगळ्यात मागे पोपडे निघालेली उघडी भिंत. नर्सरीत गेलो की हात आधी फुललेल्या बुटक्या रोपांकडे जातो. मागे काय लावायचे, हे तिथे कुणी विचारतही नाही.

मागच्या रांगेचे झाड माणसाच्या उंचीएवढे वाढणारे हवे. ते जमिनीपासून दाट असावे, दरवर्षी नवे बी न मागता आपल्याच मुळातून फुटावे आणि त्याने भिंतीला तडे देऊ नयेत. रातराणी वास छान देते, पण खालून उघडी पडते. मेंदीचे कुंपण उत्तम, मात्र त्याचा आडोसा व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. हॉलीहॉक, ज्याला आम्ही उर्दूत गुलखैरू म्हणतो, तो आपल्याकडे हिवाळ्यात डौलाने फुलतो आणि ऊन वाढले की वाळून जातो. सोनटक्का कुणाला नको असेल? पण त्याला दमट हवा आणि थोडी सावली लागते. कोकणातल्या परसात तो रमतो, आमच्या कोरड्या गावात मार्चनंतर त्याची पाने कडांनी करपतात. सगळा विचार करून आम्ही कर्दळीवर आलो. चार पावसाळे झाले, मत बदललेले नाही.

आम्ही म्हणजे एका तालुक्याच्या गावातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या चार शिक्षिका. आम्हाला ही मागची रांग नुसत्या शोभेसाठी लावायची नव्हती. ते कारण आधी सांगायला हवे.

आमच्या शाळेतले मुलींचे स्वच्छतागृह आवाराच्या मागच्या टोकाला आहे आणि त्याची दारे मागच्या भिंतीकडे उघडतात. शाळा बांधली तेव्हा भिंत पुरेशी उंच होती. पण मागून जाणाऱ्या रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडत गेला, रस्ता वर आला आणि भिंत रस्त्यावरून बघणाऱ्याच्या कमरेएवढी उरली. पलीकडे पानटपरी आणि गॅरेज. सहावी ते आठवीच्या मुली तिकडे जायच्याच बंद झाल्या. तिकडे जायचे नाही म्हणून पाणी प्यायचे नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. सकाळी घरून निघालेली मुलगी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत कोरडी. उन्हाळ्यात डोके दुखते, पोटात दुखते म्हणून बाकावर डोके टेकलेल्या मुली आम्ही रोज बघत होतो, आणि मोठ्या मुली महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नव्हत्या. विचारले तर खाली बघायच्या. व्हरांड्यातले दोन माठ शाळा सुटताना अर्धे भरलेले असायचे.

भिंत वाढवून मिळावी म्हणून अर्ज झाले. मोजमाप झाले, अंदाजपत्रक झाले, मग फाइल कुठेतरी बसली. पत्रे लावावेत तर वाऱ्याने उडतील आणि रस्त्यावरच्या माणसाला लागतील, अशी भीती. तेव्हा झाडांचा पडदा करायचे ठरले आणि ‘लवकर वाढणारे झाड कोणते’ या प्रश्नाचे उत्तर कर्दळ निघाले. मे महिन्याच्या अखेरीस लावलेला कंद दोन-तीन आठवड्यांत कोंब काढतो, साधारण तीन महिन्यांत फुलावर येतो आणि सप्टेंबरपर्यंत उंच जातीची कर्दळ पाच-सहा फुटांवर जाते. तोवर काय? एका पालकांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. त्यांनी लग्नाच्या हंगामानंतर पडून असलेली कनात बांधून दिली. पावसात तिचे रंग उतरले, पण कर्दळ वर येईपर्यंत तिने काम भागवले.

कर्दळ तुम्ही रोज बघता. रस्त्याच्या दुभाजकात, स्टेशनच्या बागेत, कचेरीच्या फाटकाशी. पान केळीसारखे म्हणून लोक तिला केळीची जात समजतात. आपल्या जुन्या भाषेत कदली, कर्दळी ही केळीचीच नावे. नाते आहे, पण थोडे लांबचे. केळ, आले, हळद, वेलची, सोनटक्का आणि कर्दळ एकाच गणातली. कुळ मात्र कर्दळीचे स्वतंत्र आणि त्या कुळात तिच्याखेरीज दुसरे कुणी नाही. शास्त्रीय नाव कॅना इंडिका. लिनियसने ते १७५३ मध्ये नोंदवले. ‘इंडिका’वरून ती आपल्या मातीतली वाटते, पण तिचे मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण भाग आहे. युरोपीयांच्या तोंडी त्या काळी ‘इंडीज’ म्हणजे पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा, दोन्ही मुलूख. कॅना हा शब्द बोरू-वेतासाठीचा. तो लॅटिनमध्ये ग्रीकमधून आला आणि ग्रीकांनी सामी भाषांकडून घेतला. अरबीतला ‘क़नात’, म्हणजे बोरू, भाला किंवा पाण्याचा पाट, त्याच घराण्यातला. उर्दूच्या तासाला आम्ही हे सांगितले तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, “म्हणजे आपली बांधलेली कनातपण तीच का?” त्या शब्दाची वंशावळ शोधण्याचे काम आम्ही तिच्यावरच सोपवले आहे.

फूल मात्र मोठे फसवे. लाल-पिवळ्या ज्या पसरट पाकळ्या आपल्याला दिसतात त्या पाकळ्या नसतातच. ते रूप पालटलेले पुंकेसर. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, टोकदार, मागे दडलेल्या. आणि इतक्या पुंकेसरांतून परागकण देणारा फक्त एक, तोही अर्धा. सहावीच्या विज्ञानाला प्रत्येकीच्या हातात एकेक फूल दिले तर तास पुरत नाही.

आता लागवडीचे. मागच्या रांगेसाठी दुभाजकातली दोन-अडीच फुटी संकरित कर्दळ घेऊ नका. तिची फुले मोठी असतात, पण आडोसा गुडघ्याएवढाच. जुन्या वाड्यांत, विहिरीच्या काठी, गावातल्या ओढ्याजवळ वाढणारी लहान लाल फुलांची उंच जात शोधा. ती फुकट मिळते. आम्हाला एका निवृत्त सहकाऱ्यांच्या परसातून गोणीभर कंद मिळाले. भिंत चाळीस फूट होती. दीड-दीड फुटावर दोन रांगा, एकीच्या मोकळ्या जागेसमोर दुसरीचा कंद येईल अशा तिरक्या, म्हणजे पन्नास-पंचावन्न कंद. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे हवेत. डोळा वर ठेवून चार इंच खोल लावायचे. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. बऱ्याच फुलझाडांची मुळे त्यात कुजतात, कर्दळीचे काही बिघडत नाही. खत मात्र ती भरपूर खाते. लावताना घमेलेभर शेणखत आणि पुढे दर दोन महिन्यांनी थोडे थोडे दिले तर पाने रुंद होतात, आणि पडद्याला रुंद पानेच हवी असतात. निदान पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत ती जगते, पण उंच, किडकिडीत होऊन वाकते.

भिंतीला चिकटून लावू नका. भिंत आणि पहिली रांग यांत दोन फूट मोकळे ठेवा. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच आला: “यात साप निघाला तर?” प्रश्न रास्त आहे. मुलींच्या वाटेवर दाट झुडूप म्हणजे काळजी असणारच. मागून माणूस झाडू घेऊन जाऊ शकेल एवढी वाट, वाळलेली खालची पाने दर आठवड्याला काढणे, विटा-दगडांचा ढीग जवळ न ठेवणे आणि उंदीर येतील असे खरकटे तिकडे न टाकणे, एवढे आम्ही पाळतो. पालकांच्या सभेत त्यांना ती वाट प्रत्यक्ष नेऊन दाखवली, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

पाण्याचा प्रश्न आम्हाला सगळ्यात अवघड वाटत होता. आमच्या गावात नळ रोज येत नाही. फुलझाडांना प्यायचे पाणी घालणे आम्हालाच पटले नसते. तोडगा काढला तो खिचडी शिजवणाऱ्या खालाने. जेवणाआधी सगळी शाळा नळाच्या ओट्यावर हात धुते, ज़ुहरच्या वेळी काही मुली आणि आम्ही वुज़ू करतो, ते सगळे पाणी गटारात जायचे. ती म्हणाली, “बाजी, वुज़ू का पानी नाली में काहे कू? झाडां कू जाने दो.” एका विद्यार्थिनीचे वडील प्लंबर आहेत. त्यांनी ओट्यापासून भिंतीपर्यंत पाइप टाकला, वाफ्याच्या लांबीत त्याला भोके पाडली आणि पाइपाभोवती चर खणून खडी भरली. पाणी वर साचत नाही, त्यामुळे डासही होत नाहीत. पाणी जमिनीवर डबक्यासारखे दिसू लागले की खडीत माती बसली असे समजायचे आणि ती धुऊन पुन्हा भरायची.

कर्दळीला असे वापरलेले पाणी नुसते चालते एवढेच नाही, ते थोडे स्वच्छ करायलाही ती मदत करते. तिची मुळे आणि मुळांभोवतीचे जिवाणू पाण्यातली घाण फोडतात, नत्र-स्फुरद झाड शोषून घेते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत बसवली आहे. तिच्यात पाणकणसासारख्या वनस्पतींबरोबर कर्दळही असते. घरच्या वाफ्यापुरते सांगायचे तर हात धुतलेले, वुज़ूचे, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल सोडा. भांड्यांच्या पावडरचे आणि तेलकट पाणी रोज नको. त्यातल्या क्षारांनी काळी माती हळूहळू बिघडते. आणि शौचालयाचे पाणी असल्या साध्या चरात कधीच सोडायचे नाही. ते काम टाकीचे.

शत्रूंमध्ये पहिला नंबर बकऱ्यांचा. कर्दळीची पाने जनावरे आवडीने खातात आणि बकरी ईदच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या मोहल्ल्यात बकऱ्यांचेच राज्य असते. एका वर्षी फाटक उघडे राहिले आणि अर्ध्या तासात सहा फुटांचा पडदा तीन ठिकाणी विरळ झाला. तेव्हापासून त्या दिवसांत फाटकावर आठवीच्या मुली पाळीने उभ्या असतात. पावसाळ्यात गोगलगायी पानांना भोके पाडतात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. पानाखाली गंजासारखी नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पाने कापून आवाराबाहेर टाकावीत. पण शिरांच्या मधून पिवळे पट्टे उमटत असतील, पान आक्रसत असेल, तर तो बहुधा विषाणू असतो आणि तो कंदातूनच पुढे जातो. असा ठोंब मुळासकट काढावा. हळहळ वाटून त्याचे तुकडे शेजारणीला देऊ नयेत.

पडदा वर्षभर दाट ठेवायचा असेल तर कापणी समजून घ्यावी लागते. कर्दळीचा एक दांडा एकदाच फुलतो. त्याचा तुरा संपला की तो दांडा काही देत नाही, उलट नव्या कोंबांची जागा अडवतो. म्हणून फुले संपलेला दांडा जमिनीलगत छाटायचा. पण सगळे एकदम नाही. आमच्या माळीचाचांनी पहिल्याच हिवाळ्यात ‘सफाई’च्या भरात एका दुपारी अख्खी रांग कापायला घेतली होती, दहा फूट कापून झाल्यावर आम्हाला दिसले. झाड फुटले असतेच, पण मुली महिनाभर कुठे गेल्या असत्या? आता नियम असा की एका आठवड्यात चार दांड्यांमागे एकाहून जास्त कापायचा नाही आणि मागची-पुढची रांग आलटून पालटून घ्यायची. पश्चिमेच्या वाऱ्यात झाडे आडवी होतात, म्हणून तीन फुटांवर बांबू बांधून सुतळीचा आधार देतो. मे महिन्याच्या सुटीत पाणी कमी पडते. तेव्हा वाफ्यावर कापलेल्याच पानांचे जाड आच्छादन घालतो आणि समोरच्या घरातल्या दोघी भगिनी आठवड्यातून दोनदा बादल्या टाकतात. पाने तेव्हा कडांनी वाळतात, पडदा विरळ होतो, हे खरे. शाळा बंद असते म्हणून निभावते. दर दोन-तीन वर्षांनी कंद इतके दाटतात की मधली झाडे खुरटतात, मग उन्हाळ्याच्या शेवटी अर्धे उपटून वाटून टाकायचे.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा कनात उतरवली. मुलींनी आधी पलीकडच्या रस्त्यावर जाऊन, इकडून तिकडून बघून खात्री करून घेतली. एक भिंतीवर चढून वाकून बघत होती, तिला खाली उतरवावे लागले. त्यानंतर कुणी काही बोलले नाही. आम्हीही विचारले नाही. फक्त फेब्रुवारीत शिपाईमामा म्हणाले की माठ दुपारीच रिकामे होतात, तिसरा घ्यावा लागेल. घेतला. महिन्यातले चार दिवस घरी बसणाऱ्या मुली अजून सगळ्या येत नाहीत. त्यासाठी दाराच्या आत नळ, डबा आणि कडी लागते, ती कर्दळ कुठून देणार? त्या कामाला आम्ही आता लागलो आहोत.

मुलींना कर्दळीत फुलांपेक्षा बियांचे कौतुक जास्त. काटेरी दिसणारे पण हाताला मऊ लागणारे हिरवे बोंड वाळून फुटले की आत काळेभोर, गुळगुळीत, छऱ्यासारखे गोल दाणे. इंग्रजीत या झाडाला छऱ्यावरूनच नाव पडले आहे. दाणा एवढा कठीण की आपण होऊन रुजायला फार काळ घेतो. बी लावायचेच असेल तर एका बाजूने कानशीने किंवा सॅंडपेपरने आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. अर्जेंटिनात एका प्राचीन थडग्यात अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला होता. त्याच्या आतली कर्दळीची बी सुमारे ६०० वर्षे जुनी असूनही रुजली. झिंबाब्वेत भोपळ्याच्या ‘होशो’ नावाच्या खुळखुळ्यात हेच दाणे भरतात. आमच्याकडे दोघी बहिणींनी सुताराकडून बारीक ड्रिलने ३३ दाण्यांना भोके पाडून घेतली आणि दादीसाठी तस्बीह ओवली. दादीला ती प्लास्टिकच्या तस्बीहपेक्षा हातात भारदस्त लागते म्हणे. मग तीन-चार घरांतून मागणी आली.

एक गोष्ट ऐकून आमच्या खालाचा अजून विश्वास बसलेला नाही. दक्षिण अमेरिकेत, पेरूसारख्या देशांत, या कुळातल्या झाडाचे कंद हजारो वर्षांपासून भाजून-उकडून खातात आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया करतात. खाण्यासाठी कंद भरणारी जात वेगळी निवडलेली असते, म्हणून कुणी दुभाजकातले कंद उपटून आणू नका. पान मात्र केळीच्या पानासारखे वापरता येते. शब-ए-बरातच्या हलव्याच्या वड्या आम्ही यंदा धुतलेल्या कर्दळीच्या पानांवर वाटल्या.

मागची रांग भरली की पुढचे सोपे होते. मधल्या रांगेत आम्ही गुलबक्षी लावली, उर्दूतली गुल-ए-अब्बास. तीही जमिनीतल्या कंदासारख्या मुळातून दरवर्षी फुटते आणि तिची फुले संध्याकाळी उमलतात. पण आमची शाळा पाचलाच सुटते, म्हणून तो बहर आमच्यापेक्षा गॅरेजवाल्यांच्याच वाट्याला जातो. अगदी पुढे पावसाळी लिली आणि थोडी अबोली. गौरी-गणपतीच्या दिवसांत मागच्या गल्लीतल्या ताई कर्दळीची फुले मागायला येतात. त्यांना फुलाचा दांडा वरूनच कापून द्यायचा, पाने राखायची, हे आता मुलींनाच पाठ आहे.

भिंतीची फाइल निघाली, असे यंदा जूनमध्ये कळले. तीन फूट वाढणार आहे. पाया मजबूत करायला मागची दोन फुटांची वाट आणि पहिली रांग खणावी लागेल, असे मिस्त्री सांगून गेले. मुलींनी विचारले, कर्दळीचे काय? पावसाळा संपल्यावर काम सुरू होईल. त्याआधी मागची रांग काढून पुढच्या रांगेच्या अलीकडे दीड फुटावर लावायची, असे ठरले आहे. बांधकामाच्या दिवसांसाठी मंडपवाल्या पालकांनी पुन्हा कनात कबूल केली आहे. गोणीभर कंद उरतील. आमच्या तालुक्यातल्या दोन शाळांनी ते आधीच मागून ठेवले आहेत.